एकशे अठरावं कार्ड

ग्रंथालयातली नोकरी मुदतीच्या चार वर्षं आधी सोडली आणि लोकांच्या घरच्या संग्रहांच्या याद्या करून देण्याचं काम मी सुरू केलं. माणसं काय काय जमवतात याला धरबंध नसतो. एका डॉक्टरांकडे काडेपेट्यांची अकराशे चित्रं होती, एका गृहस्थांकडे साडेचारशे कुलपं होती आणि त्यातल्या एकाचीही किल्ली नव्हती. मी हसत नसे. वस्तू कितीही बिनकामाची असली तरी तिला क्रमांक दिला, वर्णन लिहिलं, जागा नेमून दिली की ती वस्तू जरा ताठ बसते असं मला नेहमी वाटत आलं आहे.

नाण्यांचं काम एका पुतण्यानं आणलं. त्याच्या काकांची नजर काचबिंदूनं जात चालली होती. "काकांचा खजिना आहे म्हणे," तो म्हणाला. "आम्हाला कधी हातसुद्धा लावू दिला नाही. एकदा नीट यादी झाली की ठेवायचं की विकायचं ते ठरवता येईल."

काका मागच्या खोलीत राहत. लोखंडी खाट, खुर्ची, टेबल आणि भिंतीतल्या कोनाड्यात ओळीनं मांडलेले सात पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यात खाकी कागदाच्या चिमुकल्या पुड्या, पुडीत एक नाणं आणि पुडीमागे एक जाड कार्ड, त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखं सरळ, बारीक अक्षर. क्रमांक, साल, धातू, वजन, झीज, खुणा, मिळाल्याची तारीख आणि शेवटी ‘कुठे’. आयुष्यभर कार्डं केलेल्या मला त्या कार्डांचा चक्क हेवा वाटला. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी मान हलवायची, मग मी ते टंकायचं, असा आमचा क्रम ठरला.

"मागची बाजू उतरवू नका," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "ती माझ्यापुरती आहे."

दहा-बारा पुड्या उघडल्यावर मला राहवलं नाही. "काका, स्पष्ट बोलते. ही सगळी साधी, चलनातली नाणी आहेत. याला कुणी चहाचे पैसेही देणार नाही."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पुतण्याला इतक्यात सांगू नका. यादी पुरी होऊ द्या."

मला ते आवडले. रोज जेवण आटोपून मी त्यांच्याकडे जात असे आणि ऊन खिडकीतून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं की उठत असे. ‘कुठे’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘डावा खिसा’, ‘उजवा खिसा’, ‘सदऱ्याचा वरचा खिसा’ असं असे. मला वाटलं, विसराळू माणूस, स्वतःच्याच कपड्यांत नाणी विसरतो आणि सापडली की खजिना म्हणून जपून ठेवतो. तसं मी त्यांना चिडवलंही. ते नुसते हसले. मग ‘बुटाच्या तळाशी’ आलं. ‘अस्तराच्या शिवणीत’ आलं. ‘रुमालाच्या गाठीत, गाठ कापावी लागली’ असं आलं. पाचव्या दिवशी मी एक कार्ड वाचता वाचता थांबले.

"वाचा ना," ते म्हणाले.

"कुठे, जिभेखाली," मी वाचलं.

त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. मी टंकलं नाही. कार्ड टेबलावर ठेवून विचारलं, "काका, तुमची नोकरी कुठे होती?"

"शवागारात. मदतनीस होतो. चौतीस वर्षं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ते खालच्या आवाजात बोलत राहिले, जणू आधीच्याच कार्डाचा उरलेला मजकूर सांगत होते. ज्यांना न्यायला कुणी येत नाही त्यांच्या वस्तूंचं एक पाकीट होतं, त्याला लाखेचं सील लागतं. सील लागायच्या आधी ते त्यातलं एक नाणं काढून घेत आणि तेवढ्याच किमतीचं आपल्या खिशातलं आत टाकत.

"चोरी नाही केली हो," ते म्हणाले. "सरकारी वहीत त्यांची एकच ओळ असायची. अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस. संपलं. मला वाटायचं, उद्या कुणी शोधत आलं तर दाखवायला काहीतरी हवं. म्हणून मागच्या बाजूला माणूस लिहायचो."

"आलं कुणी?"

"चौतीस वर्षांत तिघं." मग म्हणाले, "आता मागची बाजूही उतरवा. माझ्यामागे हे कोण वाचणार?"

त्या दिवसापासून मी आधी तारखा बघू लागले.

कारण सांगायला हवं. मी सहा वर्षांची असताना माझे वडील चष्म्याची मोडलेली काडी बसवून आणतो म्हणून घराबाहेर पडले, ते आलेच नाहीत. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कुणाशी भांडण नाही, कुणाचं देणं नाही, व्यसन नाही. लोकांनी शोध शोध शोधलं, पोलिसांनी हात टेकले, आणि हळूहळू त्यांच्याविषयी बोलणं थांबलं. आमच्या घरात मात्र त्यांची जागा तशीच राहिली. आम्ही ते घर सोडलं नाही, कारण येणाऱ्याला पत्ता ठाऊक हवा. दाराचं कुलूप बदललं नाही, कारण त्यांच्याजवळ किल्ली होती. मला एकदा परगावच्या मोठ्या ग्रंथालयात बढती मिळत होती, ती मी नाकारली. एक चांगला माणूस लग्नाचं विचारत होता, पण त्याची नोकरी फिरतीची होती, त्यालाही नाही म्हणाले. लोक विचारत, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असे, आई वाट बघते. आई त्यावर कधी काही बोलत नसे. ते येतील, असंही मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. काही माणसांना आशा बोलून दाखवायची भीती वाटते, असं मी धरून चालले होते.

कार्डं तारखेच्या क्रमानं लावलेली होती. दोन्ही बाजू उतरवायच्या म्हणजे रोज सात-आठच होत. बाबा गेले ते वर्ष जवळ येऊ लागलं तशी मी प्रत्येक तारीख दोनदा वाचू लागले. घरी जाऊन मी आईशी अवांतर बोलत बसे. "कसली नाणी गं?" ती विचारी. "साधीच," मी सांगे. "चलनातली."

तिसऱ्या आठवड्यात ते वर्ष आलं, मग तो महिना. एकशे सतरावं कार्ड एका म्हाताऱ्या हमालाचं होतं. मी एकशे अठरावं उचललं. तारीख बाबा घराबाहेर पडले त्यानंतरची होती, बारावा दिवस.

समोरची बाजू मी वाचली. साल, धातू, वजन. झीज मध्यम. खुणा, काठावर लहान दाताची खूण. कुठे, मुलीच्या मुठीत.

"हं," काका म्हणाले, आणि खुर्चीत सरळ बसले. "या सगळ्यात जिवंत माणसाचं एवढं एकच. मागचं वाचा."

मी वाचू लागले. इतकी वर्षं परकी कार्डं वाचल्यामुळे माझा आवाज आपला आपण सपाट चालतो, तसाच तो चालला.

"पुरुष, वय पस्तीसच्या आसपास. कालव्यातून काढला. चष्मा नाही, नाकावर चष्म्याचे दोन खळगे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली. डाव्या भुवईत भाजल्याचा पांढरा डाग. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी, डावा हात प्लॅस्टरमध्ये. मुलीला बाहेर बसवा म्हटलं, मुलगी पदर सोडेना. बाईने पाहिलं. होय म्हणाली. सहीसाठी पेन घेतलं."

माझा डावा हात कोपरात आजही पुरता सरळ होत नाही. जिन्यावरून पडले होते. ओल्या प्लॅस्टरचा वास मला आठवतो, त्यावर आईनं काढलेलं पेन्सिलीचं बदकसुद्धा आठवतं. आईच्या भुवईतला डाग मी रोज बघते.

"थांबलात का?" काकांनी विचारलं.

"मुलगी म्हणाली, हे माझे बाबा नाहीत. बाईने समजावलं. मुलगी तेच म्हणत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. पुष्कळ वेळाने बाईने पेन खाली ठेवलं. सही न करता निघाली. दारातून मुलगी परत आली, मूठ उघडून हे नाणं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, यांना कुणी नाही ना, हे यांना द्या. नाणं गरम होतं."

मी आठवायचा प्रयत्न करत होते. एखादी पायरी, एखादा दरवाजा, औषधाचा वास, पांढरी चादर, काहीतरी. काहीच नव्हतं. जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे पुसलेल्या पाटीसारखी स्वच्छ जागा होती, आणि ती पाटी आपणच पुसली असावी असं वाटण्याइतकी स्वच्छ होती.

"ती ओळ परत वाचा," काका म्हणाले.

"कुठली?"

"मुलीची."

मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, पण त्याची गरज पडली नाही. "हे माझे बाबा नाहीत."

काकांनी डोळे मिटले होते. त्यांचा कान माझ्याकडे वळला होता. नजर गेलेली माणसं जसा चेहरा ऐकतात, तसे ते ऐकत होते.

"हं," ते हळूच म्हणाले. "अगदी असंच म्हणाली होती."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी पुडी उघडली आणि नाणं तळहातावर घेतलं. ऊन केव्हाच सरकलं होतं, कोनाडा ओलसर होता, डब्याचा पत्रा बोटांना गार लागत होता, आणि आधीची एकशे सतरा नाणीही तशीच गार लागली होती. हे कोमट होतं. नुकतंच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखं.

"अजून तसंच आहे ना?" काकांनी विचारलं.

मी नाणं पुडीत घातलं, पुडी डब्यात ठेवली, आणि आज बरं वाटत नाही म्हणून निघाले. दारापर्यंत आल्यावर मात्र एक गोष्ट विचारावीशी वाटली. "त्या माणसाचं पुढे काय झालं, काका?"

"सही झाली नाही ना," ते म्हणाले. "मग अनोळखीच. आठव्या दिवशी नेलं. मी होतो बरोबर."

घरी कशी आले ते सांगता येणार नाही. रस्ते रोजचेच होते. आई खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याची उसवलेली कड शिवत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुईत दोरा तिचा तीच ओवते. मी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. कित्येक वर्षांत अशी खाली बसले नव्हते.

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. तुला माहीत होतं, असं एक. एवढं आयुष्य गेलं माझं, असं दुसरं. तुझ्यासाठी थांबले होते मी, असं तिसरं. हे वाक्य मनात येताच मी त्याच्यापासून घाईनं दूर झाले, कारण ते उलटं केलं तरी तेवढंच खरं वाटत होतं.

"आई," मी म्हणाले, "माझ्या हाताला प्लॅस्टर होतं, तेव्हा आपण कुणाला तरी बघायला गेलो होतो?"

तिची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. आईचे सगळे चेहरे मला पाठ आहेत असं मी समजत होते. हा मी पाहिलेला नव्हता. ती घाबरली होती. पकडलं गेल्याची ती भीती नव्हती. घरात एखादी फार नाजूक, फार धोक्याची वस्तू आहे आणि तिला आता कुणाचातरी धक्का लागला आहे, अशा नजरेनं ती माझ्याकडे, नेमकी माझ्याकडे, बघत होती.

"कोण काय म्हणालं तुला?"

"कुणी नाही. गेलो होतो का?"

"गेलो असू," ती जपून म्हणाली. "फार जुनी गोष्ट आहे, बेबी. उगाच कशाला."

"ते बाबा होते का?"

तिनं अभ्रा मांडीवर ठेवला. सुई नीट कापडात खोचली. मग अजिबात हालचाल न करता, माझ्या चेहऱ्यावरची नजर न काढता, तिनं विचारलं, "तू सांग. होते का?"

मला ‘होते’ म्हणायचं होतं. तो शब्द घेऊनच मी सगळा रस्ता चालत आले होते. नाकावरचे खळगे, बोटावरचा घट्टा, ती तारीख, सगळा पुरावा माझ्याजवळ होता, आणि पुराव्यावरून नोंद करण्यात माझा जन्म गेला होता. मी तोंड उघडलं. आवाज आला तो बारीक होता, ठाम होता आणि त्यात रडणं नव्हतं.

"ते माझे बाबा नव्हते."

आईनं रोखून धरलेला श्वास सोडला. खुर्चीवरून वाकून तिनं, आपण गरम भांड्याला लावतो तसा, बोटांनी आधी हलकेच अंदाज घेत माझ्या डोक्याला हात लावला आणि केस मागे सारले.

"नव्हते ना?" ती म्हणाली. "मग येतील हं. येतील."