काट्यासारखे कडे

धरणगावच्या पेठेत अमीनचाचांइतके बारीक काम करणारा दुसरा घड्याळजी नव्हता, आणि तरीही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने त्यांनी एकही घड्याळ उघडले नव्हते. डॉक्टर म्हणत, डोळा उत्तम आहे. चाचांचा मात्र त्या डोळ्यावरचा भरवसाच उडाला होता. सुरतेला असणारा मुलगा कायमचे तिकडे बोलावत होता. अखेर ते शेजारच्या समाधानला म्हणाले, "तुझ्या दुर्बिणीतून शनीचं कडं दिसलं, तर दुकान उघडीन. नाही दिसलं, तर रविवारी सुरत."

समाधान जळगावच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यक होता. माणसांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटे. ग्रहांशी मात्र त्याचे न बोलता जमत असे. चाचांचे वाक्य ऐकल्यापासून त्याला अन्न गोड लागेना. महाविद्यालयाची सहा इंची दुर्बीण त्याने मागून आणली. प्रश्न होता आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या त्या छोट्या नळीचा. फार मोठे दाखवणारा घ्यावा, तर जवळच्या जिनिंग कारखान्याच्या तापलेल्या पत्र्यांवरून उठणाऱ्या हवेत ग्रह उकळत्या दुधासारखा थरथरतो. लहान दाखवणारा घ्यावा, तर शनी म्हणजे नुसता तांदळाचा दाणा. शेवटी त्याने मधला पत्करला, तोही रुंद काचेचा, चष्मा न काढता दोन बोटे दुरून बघता येईल असा. चाचांना चष्मा आहे हे लक्षात घेऊन त्याने हा आयपीस पुण्याहून मागवला होता.

सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज आटोपून चाचा समाधानच्या गच्चीवर आले. मागोमाग त्यांच्या पत्नी, रहिमाबी, चहा घेऊन.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. "जनमभर लोकांचा टाईम दुरुस्त केला, घरी जेवायला कधी टाईमावर आला नाहीत. आज शनीच बघेल तुमच्याकडे."

चाचांनी चष्मा काढला आणि डोळा आयपीसवर टेकवला.

"काळं. एकदम काळं... आलं... गेलं. काळी सावलीच फिरते मधे." ते मागे सरून स्टुलावर बसले. "संपला बेटा डोळा. मी म्हणत नव्हतो?"



समाधानने स्वतः नळीला डोळा लावला. शनी लख्ख होता. मग त्याने चाचांचा चेहरा पाहिला. भुवई आणि गाल अजून आवळलेलेच होते, जणू तिथे घड्याळजीचे भिंग अडकवले आहे. पन्नास वर्षे त्या खोबणीने भिंग पकडले होते. ज्या माणसाला दुरून बघणे ठाऊकच नाही, त्याच्यासाठी आपण दुरून बघायची सोय केली! इतक्या जवळ टेकलेल्या डोळ्याला त्या रुंद काचेतून अंधारच दिसणार.

त्याने दुर्बिणीसोबत आलेला जुना आयपीस काढला. तेवढेच मोठे दाखवणारा, पण छिद्र वाटाण्याएवढे. पापणी घासल्याखेरीज त्यातून काही दिसत नसे, म्हणून विद्यार्थी त्याला शिव्या देत.

"चाचा, चूक माझी! हे तुमचं भिंग समजा. नेहमीसारखं पकडा."

इतक्या मोठ्याने बोललेला समाधान रहिमाबींनी कधी ऐकला नव्हता.

चाचा वाकले. भुवई आणि गाल त्या नळीभोवती मिटले. कुणीही डोळा लावला की हेलकावणारी ती दुर्बीण केसभरही हलली नाही.

"कडं कुठंय रे?"

समाधानने डोळे मिटून घेतले.

"हा तर काटा आहे. गोळ्याच्या आरपार घातलेला, सेकंदाचा काटा."

"तेच कडं, चाचा! यंदा त्याची धार आपल्याकडे आहे."

"मग आधी सांगायचं ना! आणि काट्याच्या टोकाशी हा ठिपका कसला? डावीकडे. धूळ नाही, धूळ मी ओळखतो."

शनीचा मोठा चंद्र समाधानला ठाऊक होता. तो बराच दूर होता. टोकाशी त्याने काही पाहिले नव्हते. तो वाकला. शनी होता, कडे होते, ठिपका नव्हता. चाचांना भास झाला असेल का?

"घाई नको," मागून चाचा म्हणाले. "गाल ढिला सोड. घड्याळ पळून जात नाही."

हवा क्षणभर निवली. कड्याच्या अगदी रेषेत, सुईने टोचल्याइतका, तो होता.

"आहे," समाधान पुटपुटला. "चाचा, चंद्र आहे तो. मला दिसला नव्हता."

"मग रविवारचं काय सांगू पोराला?" रहिमाबींनी विचारले.

"सांग, अब्बा दुकान झाडतायत," चाचा म्हणाले. "तू सरक रे, बेटा. माझं बघून व्हायचंय."