पाचव्या चाकाला कणीक लावली नाही

मी स्टेपनी बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय. जन्मभर ट्रकच्या पोटाखाली लटकले, रस्त्याचा चिखल खाल्ला, आणि वेळ आली तेव्हा खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. मग गप्प का बसू?

आम्ही पाच बहिणी. पंधरा इंची, लोखंडी, प्रत्येकीला सहा भोकं. चौसष्ट सालच्या हिरव्या ट्रकबरोबर आम्ही या न्यू मेक्सिकोच्या डोंगरात आलो. मालक प्रिमितिवो आर्चुलेता. माणूस चिकट, पण शहाणा. दर हिवाळ्याआधी मला खाली उतरवायचा आणि आळीपाळीनं चारही कोपऱ्यांवर चढवून बघायचा. "जिला कधी चालवली नाही, तिच्यावर भरवसा कसला?" म्हणायचा. तो गेला, ट्रक लेकाच्या हाती आला, आणि त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

लेक देल्फिनो. मनानं वाईट नाही, पण दिसण्याचा भारी सोस. एकदा सरपण भरून घाट उतरताना जुने ड्रम ब्रेक लागेचनात. शेजारी बायको ओफेलिया बसली होती. खाली पोचल्यावर ती उतरली आणि म्हणाली, "ब्रेक बदल. नाहीतर चालत जाईन, पण या डब्यात पाय ठेवणार नाही."

बरोबरच होतं तिचं. पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवले, मागचे ड्रम तसेच ठेवले. पण डिस्क दाबणारा तो लोखंडी जबडा चांगलाच रुंद. माझ्या बहिणी आतल्या अंगानं त्याला घासायला लागल्या, फिरेचनात. म्हणजे चाकं बदलणं आलं.

मग काय तो थाट! चुलतभाऊ कोस्मे रोज हजर. रिम आत किती खोल हवी, बाहेर किती यायला हवी, स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर मडगार्डला घासेल का, नुसती चर्चा. शेवटी कोस्मे स्वयंपाकघरात शिरला आणि तोर्तियाची, म्हणजे इथल्या पोळ्यांची, मळलेली कणीक उचलून घेऊन आला. जबड्यावर तिचे गोळे थापायचे, नवीन चाक चढवायचं, एक फेरा द्यायचा, चाक उतरवून बघायचं. कणीक जाड राहिली तर जागा आहे. चेपून कागद झाली तर चाक परत.

"जेवायला काय घालू, ब्रेक?" ओफेलिया दारातून म्हणाली.

"वहिनी, आजच्या दिवस बीन्सवर भागवा," कोस्मे म्हणाला.

अशी पारखून चार नवी चाकं घेतली, जुन्यासारखीच दिसणारी. प्रिमितिवोच्या चकचकीत टोप्या त्यांच्यावर चढवल्या. आणि माझ्या चार बहिणी? भंगारात गेल्या.

ओफेलियानं तेव्हाच विचारलं होतं, "आणि खालची? ती बसते का बघितलंस?"

"तिला सहा भोकं, इथे सहा बोल्ट. न बसायला काय झालं?"

"लावून बघ ना एकदा."

"अगं, कशाला उगाच शंका काढतेस?"

शंका! ट्रकखाली उताणं पडून मला सोडवायचं, म्हणजे शर्ट मळणार. ते नको होतं साहेबांना. कणीक उरली होती, कोस्मेही होता. माझ्यासाठी एक गोळा जड झाला.

जूनमध्ये सान अंतोनियो या संताचा सण आला. आदल्या संध्याकाळी वरच्या गावातल्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना असते, आणि वर्षभर चर्च सांभाळणारे नव्या जोडप्याच्या हाती वेदीपुढे किल्ली देतात. गाव ओस पडलं, नवं जोडपं मिळेना, म्हणून देल्फिनोची आई एउफेमिया, गावाची 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, कितीतरी वर्षं एकटीच सांभाळत होती. यंदा आब्रान आणि त्याची बायको तयार झाली. म्हातारीनं काळा पोशाख घातला, किल्ली मुठीत धरली. "मी माझ्या माणसाच्या ट्रकनंच जाणार," म्हणाली. कुलूपही त्याच माणसानं बसवलेलं, आणि किल्ली एकच.

देल्फिनो ट्रक पुसत बसला, त्यात तो, आई आणि ओफेलिया निघायला उशीर झाला. बाकी सगळे केव्हाच वर पोचले होते. दरीत पुढच्या उजव्या चाकाचा टायर दगडावर फाटला. तिथे फोन लागत नाही, आणि मागून यायला कुणी उरलं नव्हतं.

मला काढलं. बोल्टवर चढवलं. भोकं जुळली. त्यानं नट आवळले आणि मी गच्च अडकले. हलेना. त्यानं लाथ मारली. मग हातोडा घेतला आणि माझ्या कडेवर हाणायला लागला.

"गंजून फुगलीय रांडेची!"

मी फुगले? अरे गाढवा, जबडा तू रुंद केलास! मागे ड्रम आहे अजून. मला मागे लाव, मागचं नवीन चाक पुढे घे! मी जीव तोडून ओरडत होते. पण स्टेपनीचं ऐकतो कोण?

आई सीटवर ताठ बसली होती. "पोरा, माणसं दारात उभी असतील," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दरीत सावली पसरली, ऊन फक्त डोंगरमाथ्यावर उरलं. शेवटी ओफेलियानं त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला. "मागचे ब्रेक जुनेच आहेत ना? मग हिला मागे लाव."

त्यानं मागचं नवीन चाक पुढे घेतलं, मला मागे चढवलं, आणि मी फिरले.

आम्ही पोचलो तेव्हा चर्चचं दार उघडं होतं. पाद्रीला पुढच्या गावाची घाई होती, तो येऊन गेलाही होता. कुलूप कडीसकट जमिनीवर पडलं होतं. ज्याच्या हाती किल्ली द्यायची, त्या आब्रानच्या हातात पहार होती. त्याला मान वर करवेना.

"दोन्या, पाद्री थांबेनात..."

म्हातारी कुलपाकडे बघत राहिली. "त्यांनी बसवलं होतं," म्हणाली. किल्ली परत मुठीतच घेऊन गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी देल्फिनोनं मला सरपणाशेजारी फेकलं आणि खाली नवीकोरी स्टेपनी टांगली. संध्याकाळी म्हातारी काठी टेकत माझ्यापाशी आली. किल्लीची दोरी तिनं माझ्या एका भोकात ओवली.

"तुम्ही दोघी धड आहात," ती म्हणाली. "बघणाऱ्यानं बघितलं नाही."

मग तिनं हाक मारली. "देल्फिनो! ती नवीन लावून बघितलीस?"

"आई, सहा भोकं आहेत तिला..."

ओफेलिया दारात आली होती. तिनं कणकेचा गोळा पुढे केला. देल्फिनोनं तो घेतला आणि त्या स्वच्छ शर्टानिशी ट्रकखाली सरकला.

बघतोय आता. तुम्हीही बघा बाबांनो, ब्रेक बदललेत की पाचवं चाकही एकदा चढवा, फिरवा, आणि मगच लांबच्या वाटेला लागा. माझं काय, मी इथे पडून राहीन. पण ही किल्ली वाऱ्यानं दिवसभर माझ्यावर आपटते, आणि आता हिनं उघडेल असं दारच उरलं नाही.