अर्लीनचा पिवळा मासा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक गॅरेज समोर आणा. बाहेर अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातला नोव्हेंबर, राखेच्या रंगाचं आभाळ. आत १९६९ सालची एक गाडी : दोन दारांची, लांब नाकाची, गर्द निळी. तिचं आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की भिंतीवर टांगलेले पाने खणखणतात. लुशियस टॉलिव्हर यांनी गंजलेल्या सांगाड्यातून ती सहा वर्षांत पुन्हा उभी केली होती. आज ती विकायची होती, कारण त्यांची नजर अधू झाली होती आणि गाडी चालवायचा परवाना गेला होता.

ही गाडी त्यांनी घेतली ती एका माशासाठी. त्यांची बायको अर्लीन गाड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. इंजिनामागच्या पत्र्याजवळची एकूण एक वायर ती ओढून पाहायची आणि सगळं घट्ट असेल तरच तिथे पिवळ्या मेणखडूने छोटा मासा काढायची. बाकीचे फुली मारत. मासा फक्त तिचा. ती गेल्यावर एका कोठारात सडत पडलेल्या गाडीत लुशियसना तो मासा दिसला, आणि त्यांनी ती ओढत घरी आणली.

मग त्यांच्याच हातून घात झाला. गंज उडवायला त्यांनी सांगाडा वाळूच्या माऱ्याखाली पाठवला आणि त्या एवढ्याशा जागेवर चिकटपट्टी लावायचं विसरले. सांगाडा परत आला तो सोललेल्या हाडासारखा. मासा नव्हता.

मासा परत आला तो नातीमुळे. डेसा तेव्हा सात वर्षांची. त्या माशाच्या जुन्या फोटोवरून पुठ्ठ्यावर कितीतरी मासे गिरवून शेवटी तिने नव्या रंगावर एक काढला. हुबेहूब.

गिऱ्हाईक होते ग्रँड रॅपिड्स शहरातले हॅवरकॅम्प. ते गाडीखाली सरपटले, बॅटरीच्या उजेडात एकेक बोल्ट न्याहाळला.

"एवढं तर माझ्या डॉक्टरनेही मला तपासलं नाही," लुशियस म्हणाले.

"तुमची किंमत गाडीइतकी नसेल हो!" हॅवरकॅम्प हसले. मग इंजिनामागे वाकून थांबले. "हा मासा कसला?"

"माझ्या बायकोची खूण. कारखान्यात तपासनीस होती."

"म्हणजे तिच्या हातचा? मग याला मी जिवापाड जपेन, मिस्टर टॉलिव्हर. फक्त तो अस्सल आहे एवढं लिहून द्या."

डेसाने आजोबांकडे पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं, तर मासा राहिला असता. लुशियसच्या जिभेवर तो 'हो' आलाही होता. पण अर्लीनची एक गोष्ट त्यांनी या पोरीला शंभरदा सांगितली होती. एकदा मुकादम ओरडला होता, "वेळ नाही, काढ मासा आणि सोड गाडी!" अर्लीनने खडू त्याच्याच हातात दिला होता : "तुम्ही काढा. मग तो तुमचा मासा."

"नाही," लुशियस म्हणाले. "तिचा मासा माझ्या वेंधळेपणाने गेला. हा या पोरीने काढलाय."

हॅवरकॅम्पनी बॅटरी विझवली. "मग पुसावा लागेल. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात अस्सल नसलेल्या खुणेला परीक्षक गुण कापतात. गाडी मी घेतोच, पण..."

"मी पुसते," डेसा म्हणाली. "मी काढला होता."

तिने फडक्यावर रॉकेल घेतलं आणि पुसलं. दोनदा. लुशियसना तेवढं दिसत नव्हतं, पण फडक्याचा आवाज येत होता, आणि तो संपल्यावर ते उगाचच टोपी सारखी करत राहिले.

गाडी ट्रेलरवर चढली. चार चाकांना चार पट्टे आवळले. गॅरेजच्या फरशीवर तेलाचा एक डाग उरला. हॅवरकॅम्पनी हात मिळवला, "निघतो," म्हणाले आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत जाऊन बसले.

"थांबा, काका," डेसा म्हणाली. खिशातून पिवळा खडू काढून ती ट्रेलरवर चढली. पहिला पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि त्यावर मासा काढला. दुसऱ्यावर काढला. तिसऱ्यावर काढला. चौथा ओढल्यावर किंचित हलला.

"हा सैल आहे," ती म्हणाली, आणि हॅवरकॅम्प खाली उतरून तो आवळेपर्यंत खडू मुठीत धरून तिथेच उभी राहिली.