माझा पल्ला अमर्याद नाही

हो, मीच तो हिरवा लेसर. पेनाएवढा, दोन सेलचा, पुसदच्या बाजारात खेळण्यांच्या गाड्यावर कंगव्यांशेजारी टांगलेला असायचो. गेले तीन आठवडे मी गप्प आहे. आज बोलणार, कारण माझ्या नावावर खपवलेलं खोटं आठवलं की माझं डोकं फिरतं.

विकणारा म्हणाला होता, "पाच किलोमीटर जाते, ताई."

नववीतल्या अपेक्षानं विचारलं, "जाऊन काय करते?"

त्यानं नुसतं माझं बटण दाबून दाखवलं. मला मात्र पोरगी तिथेच आवडली.

पांढरकवड्याजवळच्या तिच्या गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, लांबलचक भिंत आहे. दिवेलागणीला अपेक्षा दूर उभी राहून माझं बटण दाबायची आणि तिची आई वर्षाबाई, दिवसभर कापूस वेचून आलेली, भिंतीकडे तोंड करून माझ्या ठिपक्याभोवती खडूनं रेघ मारायची. दहा पावलांवरून मी तुरीच्या दाण्याएवढा भरलो. शंभर पावलांवरून पुरीएवढा. चारशे पावलांवरून थेट परातीएवढा, आणि इतका फिका की वर्षाबाईला मला शोधावं लागलं.

तशी माझी बेअब्रूच ती, पण खरी होती. प्रकाश सरळ जातो म्हणून तो बारीकच राहतो असं नाही. अंतर दुप्पट झालं की ठिपका दुप्पट रुंद होतो आणि तेवढाच उजेड चौपट जागेवर वाटला जातो. उद्याच्या लढायांसाठी जे मोठाले लेसर बनवतात, त्यांचीही ह्यातून सुटका नाही. मोठा आरसा लावून फैलाव कमी करता येतो, बंद करता येत नाही. शिवाय वाटेत धूळ, धुकं, तापलेली हवा. आमचं बळ पोचेपर्यंत पातळ होत जातं, एवढं साधं आहे. अपेक्षानं हे सगळं एका तक्त्यावर मांडलं होतं.

मग आलं तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. तिच्या शाळेतल्या यज्ञेश्वर सरांनी प्लास्टिकच्या पाइपला चंदेरी रंग मारला, नळीत मला खुपसलं आणि नाव दिलं 'भविष्यातली लेसर तोफ'. अपेक्षाचा तक्ता काढून तिथे पाटी लावली, 'मारा : अमर्याद'.

"सर, हे खोटं हाय," अपेक्षा म्हणाली.

"अगं, परीक्षकांना पुरी आणि परात दाखवणार का तू? तालुक्यातून एकच मॉडेल यवतमाळला जातं."

यवतमाळला जायची तिला फार आस होती. तिनं तक्ता गुंडाळून दप्तरात ठेवला. मला तिचा नाही, सरांचा संताप आला.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे आमच्या टेबलापाशी थांबले. "काय गं, किती लांब मारते तुझी तोफ?"

अपेक्षानं सरांकडे पाहिलं, मग पाटीकडे. "चारशे पावलांपर्यंत म्या मोजलं. तिथं लेसर मुंगीलेबी भाजत नाही. पाटी माही नाही."

लोक हसले. पाहुण्यांनी मला नळीतून उपसलं. "म्हणजे खेळणंच आहे की," असं म्हणत गंमत म्हणून खुर्च्यांकडे रोखलं आणि बटण दाबलं. वीस पावलांवर वर्षाबाई बसली होती. काम बुडवून लेकीचं मॉडेल पाहायला आलेली. मी तिच्या गालावर पडलो, डोळ्याखाली जेमतेम दोन बोटं.

अपेक्षानं माझ्या तोंडावर हात दाबला. "साहेब, डोळ्यात नका मारू. कातडं भाजत नाही, पण डोळा सगळा उजेड आत एका ठिपक्यात गोळा करते."

"मला शिकवतेस?" साहेबांचा चेहरा उतरला. सरांनी घाईघाईनं माफी मागितली, आणि तीही साहेबांची. वर्षाबाईला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. सांगा, शस्त्र कोणतं होतं तिथे, मी की माझं बटण दाबणारा साहेबांचा हात?

संध्याकाळी यादी लागली. तोफ निवडली गेली होती. अपेक्षा मात्र नाही; तिच्या जागी बोलायला दुसरी मुलगी. सर म्हणाले, "तुला मोठ्यांपुढे बोलायचं वळण नाही."

अपेक्षा रडली नाही. तिनं माझे सेल काढले आणि मला कंपासपेटीत ठेवलं. "तोफ तुमची, सर. लेसर माहा हाय."

तोफ माझ्याशिवायच यवतमाळला गेली. तिला दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं. नळीत काहीच नाही, हे एकाही परीक्षकानं वाकून पाहिलं नाही. पाटी काय ती सगळ्यांनी वाचली.

बक्षीस गेलं तर गेलं. माझा राग वेगळाच आहे. त्या दिवसापासून ह्या पोरीनं काहीच मोजलेलं नाही. वर्षाबाईनं परवा विचारलं, "जिनिंगकडं जायचं काय वं?" तर म्हणाली, "कायले?"

तुमच्यापैकी कुणाला अपेक्षा भेटली, तर तिला शाबासकी देऊ नका, समजूतही घालू नका. एवढंच विचारा, की आठशे पावलांवर लेसरचा ठिपका केवढा होतो. हिशेबानं दोन पराती, पण खरंच तेवढा भरतो का ते तिला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं तिला सहन होत नाही.