भरतीच्या वेळची मोजणी

“इथून पुढे चालतच जावं लागेल, मॅडम. बोट रुतली की सहा तास अडकलो समजा,” बोटवाल्या बाळाने इंजिन बंद करत सांगितलं.

शीतल गमबूट चढवून चिखलात उतरली. मागोमाग फॉर्मची पाटी सांभाळत ऋतिका. तिला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते, त्यामुळे अजून सगळंच झकास वाटत होतं. विक्रोळीच्या खाडीत पूर्ण ओहोटी होती. वास नेहमीचाच होता, पण एवढी शांतता शीतलने इथे कधी अनुभवली नव्हती.

“पक्षी कुठे गेले, बाळादादा?”

“दोन पावसाळे झाले. फिरकत नाहीत.” चिखलाकडे न बघताच तो म्हणाला.

शीतल इथलीच, खाडीपासून पंधरा मिनिटांवरच्या चाळीत वाढलेली. तिने मरीन बायोलॉजीत एम. एस्सी. केलं तेव्हा शेजारच्या कुंदाकाकूंनी विचारलं होतं, “म्हणजे आता पापलेट स्वस्तात मिळेल का गं?” आई, द्रौपदी, मात्र चाळभर ठणकावून सांगायची, “माझी पोरगी समुद्र वाचवणार आहे.” समुद्र वाचवायच्या जागा काही रोज निघत नाहीत. तीन वर्षं वणवण केल्यावर अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. प्रकल्प येण्याआधी त्या जागेवर कोणते जीव आहेत, याचा अहवाल ही कंपनी करून द्यायची.

तिथलं पहिलंच काम याच चिखलाचं होतं. इथे जेट्टी व्हायची होती. साहेबांनी तिन्ही फेऱ्या भरतीला लावल्या, कारण तेव्हा बोट थेट जागेवर जाते. पण भरतीला चिखल पाण्याखाली आणि चिखलात उड्या मारणारे मासे, म्हणजे निवट्या, आणि खेकडे बिळात. बाळाने तेव्हाच हटकलं होतं, “आत्ता काय दिसणार? ओहोटीला या ना.” शीतलला हे कळत नव्हतं असं नाही, पहिल्या वर्षालाच शिकवतात ते. पण नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरले होते. तिन्ही तक्त्यांत तिने शून्य लिहिलं आणि सही केली. नोकरी पक्की झाली, पुढे बढतीही. जेट्टीसुद्धा झाली.

आता जेट्टीशेजारी भराव घालायचं ठरत होतं, म्हणून पुन्हा पाहणी आली. या वेळी साहेबांशी भांडून तिने ओहोटीची वेळ मागून घेतली. उरलंसुरलं जे असेल ते कागदावर आलं, तर निदान भराव तरी थांबला असता.

ऋतिकाने मोजणीची मीटरभराची चौकट चिखलावर टाकली. शीतल गुडघ्यांवर बसली. बिळं होती, पण बुजत आलेली. एकात काडी घातली तर काळा, तेलकट चिखल वर आला. दुसरी चौकट झाली, पाचवी झाली, अकरावी झाली. कुठेच काही हललं नाही. शीतल मोजत राहिली.

विसावी चौकट संपवून दोघी बोटीत परतल्या. ऋतिकाने जुना अहवाल चाळला आणि तिचा चेहरा खुलला.

“मॅडम, परफेक्ट मॅच! तेव्हापण शून्य, आत्तापण शून्य. म्हणजे जेट्टीने काहीच फरक पडला नाही ना!”

बाळाने मान फिरवली. शीतलला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणावर?

“तेव्हा शून्य नव्हतं, ऋतिका. मी भरतीला मोजलं होतं. इथे पाय ठेवायला जागा नसायची, एवढ्या निवट्या उड्या मारायच्या. मला माहीत होतं, तरी सही केली. हे लिही.”

“मॅडम, काहीपण काय? नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

ऋतिकाने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. “पण लिहू कुठे? असा रकानाच नाहीये.”

शीतलने तिच्या हातून कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच लिहायला लागली. पाणी चढत होतं. बोट तरंगली, तरी बाळाने इंजिन चालू केलं नाही. तिचं लिहून होईपर्यंत तो थांबला.