वर्ला कुचेराच्या नावापुढचा दिवा

मित्रांनो, विधानभवनाच्या तळघरात उतरलात की डाव्या हाताला वाफेच्या नळ्या आहेत. त्या नळ्यांना लागून एक भलीमोठी काळपट चौकट भिंतीला टेकवून ठेवली आहे. ती मी. मी एक जुना मतफलक आहे. आता माझ्यात वीज नाही, दिवे नाहीत, निम्म्या काचाही जागेवर नाहीत. इथे ऊब मात्र छान असते. नळ्या दिवसभर हळूच गुणगुणतात आणि मला डुलकी लागते. फलकाला कुठे झोप लागते, असं तुम्ही म्हणाल. लागते. स्वप्नंही पडतात. बहुतेक स्वप्नं हिरवी किंवा तांबडी असतात.

माझा जन्म नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. चौकट अक्रोडाच्या लाकडाची. तारा जोडायचं काम बायका करत आणि काम करता करता एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करून दाखवत. त्यामुळे माझ्या पोटात तारांबरोबर थोडं हसूही गेलं असावं. मला गवतात गुंडाळून रेल्वेने इथे आणलं आणि सभापतींच्या खुर्चीमागच्या उंच भिंतीवर चढवलं. समोर सदस्यांची बाकं, वर लोकांना बसायला सज्जा आणि त्याच्याही वर रंगीत काचांचा घुमट. हिवाळ्यात घुमटावर बर्फ साचला की खाली येणारा उजेड मऊ आणि दुधाळ होई. अशा दिवशी माणसांचे आवाजसुद्धा मला लांबून आल्यासारखे वाटत.

माझं काम सोपं होतं. प्रत्येक सदस्याचं नाव काचेच्या पट्टीवर रंगवलेलं आणि नावापुढे दोन छोटे दिवे. सदस्याने आपल्या बाकावरचं बटण दाबलं की माझ्यावर दिवा लागे. बाजूने मत असेल तर हिरवा, विरोधात असेल तर तांबडा. दोन्ही विझलेले असले तर मत दिलंच नाही असं समजायचं. माझ्या आधी म्हणे सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटत आणि गावी जाऊन वाटेल ते सांगत. मी आलो आणि ती सोय गेली. "हा भिंतीवरचा गडी खोटं बोलत नाही," असं लोक सज्ज्यातून म्हणत आणि माझी छाती फुगे. दमट हवेने लाकूड फुगत असेल कदाचित, पण मला तो अभिमान वाटे.

माणसं मात्र मोठी हुशार. त्यांनी माझ्यावरही दोन युक्त्या शोधून काढल्या. एक म्हणजे शेजाऱ्याकरवी बटण दाबून घ्यायचं. पुलाला नाव देणे, मधाच्या बाटलीवरचा मजकूर ठरवणे असली कामं चालू असली की अर्धे लोक बाहेर गप्पा मारत आणि शेजारी त्यांची बटणं दाबत. नियमात हे बसत नव्हतं, पण सगळेच करत. दुसरी युक्ती म्हणजे फेरफटका. विषय अवघड आला की कुणाला अचानक कॉफीची तलफ येई, कुणाला फोन करायचा असे. मतदान आटोपलं की हे लोक ओठ पुसत परत. माझ्यावर त्यांच्या नावापुढे काळोख.

वर्ला कुचेरा ही दुसऱ्या युक्तीतली पटाईत होती.

वर्ला राज्याच्या पश्चिम टोकाकडून निवडून येई. गावी तिचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. बाई मनमोकळी, हिशोबाला पक्की, कुणाच्या गाईला काय झालंय हे तिला तोंडपाठ. रस्ते, शाळा, पाणी, कशावरही तिचा दिवा आधी लागे. पण गर्भपाताचं विधेयक आलं की खुर्ची सरकवल्याचा आवाज येई आणि वर्ला पसार. या विषयावर कोणाचं मत काय, हे दोन्ही बाजूच्या संघटना माझ्याकडे बघून टिपून घेत आणि पत्रकं छापून घरोघर वाटत. त्या पत्रकांत वर्लाच्या नावापुढे वर्षानुवर्षं नुसती रेघ असे. मला तिची काच आवडायची. दुपारी घुमटातला निळा उजेड नेमका तिच्यावर पडे. पण या विषयावर ती काच कधी उबदार झाली नव्हती, आणि याचं मला वाईट वाटे.

मग तो हिवाळा आला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना या बाबतीत जरा जास्त मोकळीक दिली होती, आणि आमच्याकडे एक विधेयक आलं. गर्भपात फक्त मोठ्या इस्पितळात आणि दोन डॉक्टरांच्या सहीनेच करता येईल, असं त्यात होतं. काही सदस्यांना हे फार गरजेचं वाटत होतं, काहींना फार क्रूर वाटत होतं. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत. रात्री दिवे मालवल्यावरही ते शब्द सभागृहात तरंगत राहत आणि मी अर्धवट झोपेत ते ऐकत राही.

मतदानाच्या सकाळी बर्फ पडत होता. कॉफीची खोली माझ्या पाठीमागेच होती, मध्ये पातळ भिंत. पाठीने ऐकायची मला सवय झाली होती. वर्ला तिथे नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. इतक्यात तिच्या गावच्या दोन बायका आत आल्या, अर्दिथ आणि जोनेल. दोघी नणंद-भावजय. अर्दिथ तर वर्लाची शाळेतली मैत्रीण.

"बसा बसा. खिमा-राजम्याची चिली गरम आहे," वर्ला म्हणाली. "दालचिनीचा रोल घ्या बरोबर. रस्ता कसा होता?"

"रस्त्याचं सोड," अर्दिथ म्हणाली. "माझे टायर गुळगुळीत झालेत म्हणून हिच्या गाडीतून आले. म्हणजे बघ काय वेळ आली माझ्यावर. सगळी वाट हिचं ऐकत आले."

"डिझेल माझं आणि बडबड हिची," जोनेल म्हणाली.

"वर्ला, सरळ सांगते," अर्दिथ म्हणाली. "हे विधेयक व्हावं असं मला वाटतं. ते पोटातलं लेकरू आहे, माझ्या लेखी विषय संपला. हिला वाटतं होऊ नये."

"कारण जिच्यावर वेळ येते तिला कुणी विचारतच नाही," जोनेल म्हणाली.

"बघ, सगळी वाट हेच. पण एका गोष्टीवर आमचं दोघींचं जमलं. आम्ही दर वेळी तुला मत देतो. तू मात्र देत नाहीस. हा कुठला न्याय?"

वर्ला हसली. "अगं, मी पेंड विकते. दोन्हीकडची गिऱ्हाइकं आहेत माझी."

"हे दुकान नाही गं," अर्दिथ हळूच म्हणाली.

वर्लाचा चमचा वाडग्यात फिरत राहिल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने घंटा झाली आणि त्या दोघी जिना चढून सज्ज्यात गेल्या. वर्ला उठली नाही.

इकडे माझ्यासमोर तिचा बाकशेजारी एमेट हॉलोवे पेंगत होता. म्हातारा चांगला, पण सकाळची किरकोळ कामं त्याला सोसत नसत. पूल झाला, मध झाला, राज्यप्राण्यासारखा राज्याचा मासाही ठरवून झाला. दर वेळी एमेट आपलं हिरवं बटण दाबे आणि मग काठीचं रबरी टोक लांब करून वर्लाचं हिरवं. सकाळपासून हेच चाललं होतं. बर्फ वाढतोय, लोकांना घरी जायचंय, असं बघून सभापतींनी मोठं विधेयक जेवणाआधीच मतदानाला घेतलं. एमेटने विषय ऐकला आणि आपलं हिरवं दाबलं. ते त्याचं खरं मत होतं. मग हाताने सवयीने काठी पुढे केली.

मित्रांनो, माझ्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. ज्या काचेला मी इतकी वर्षं काळोखात पाहिलं, ती हिरवी झाली होती. क्षणभर मला ते फार सुंदर वाटलं. मग लक्षात आलं की तिची खुर्ची रिकामी आहे.

बाकीचे दिवे लागत गेले. कारकून ऑपलबाईंनी बेरीज केली आणि चष्मा काढून परत घातला. विधेयकाला लागत होती तेवढीच हिरवी मतं पडली होती, एकही जास्त नाही. त्यात वर्लाचा दिवा धरलेला होता.

सभागृह एकदम शांत झालं म्हणून असेल, वर्ला दारात आली. हातात अजून रुमाल होता. तिने माझ्याकडे पाहिलं. लोक माझ्याकडे नेहमीच बघत, पण असं कुणी बघितलं नव्हतं. ती हळूहळू आपल्या जागेवर आली. एमेट आता पुरता जागा झाला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"सवयीने दाबलं गं. देवाशपथ."

"ठाऊक आहे मला."

"मग गप्प बस. तुझ्या भागात हिरवंच चालतं. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, म्हातारा चळलाय म्हण. तुझी जागा जात नाही."

खरंच होतं ते. तिने नुसतं बसून राहायचं होतं. विधेयक झालं असतं, तिची जागा राहिली असती आणि दोष म्हाताऱ्याच्या काठीला गेला असता. सभापतींनी हातोडा उचलला होता.

"सभापती महोदय," वर्ला म्हणाली, "माझ्या नावापुढचा तो दिवा मी लावलेला नाही."

कुजबुज सुरू झाली. एमेट उठून म्हणाला, "चूक माझी आहे," आणि मटकन बसला. सभापती सज्जन होते. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "सदस्या सभागृहात नव्हत्या. त्यांना गैरहजर धरावं का? तसं केलं तर विधेयक पडेल, पण त्यांच्या नावावर काही राहणार नाही. चालेल?"

तिच्यासाठी दार उघडं होतं, नेहमीचं दार. 'चालेल' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मी पाहिला. तेवढ्यात तिची नजर वर गेली. सज्ज्यात अर्दिथ आणि जोनेल एकाच कोटाखाली पाय झाकून बसल्या होत्या.

"नाही चालणार," वर्ला म्हणाली. "माझं मन या विषयात एकदा इकडे जातं, एकदा तिकडे. म्हणून इतकी वर्षं मी त्या भिंतीमागे चिली खात बसले. पण आमच्या भागात असं मोठं इस्पितळ नाही. असल्या बर्फात एखादी घाबरलेली पोर एकटी एवढ्या लांब गाडी हाकत जाईल, आणि मी तिला ओळखत असेन, कारण मी सगळ्यांना ओळखते. तिला मी काय सांगू, की मी गैरहजर होते? ज्यांना हे विधेयक हवं आहे ती माझीच माणसं आहेत. ती वाईट नाहीत. त्यांना राग येईल, तो त्यांचा हक्क आहे. माझं मत विरोधात आहे."

आणि तिने आपल्या बोटाने बटण दाबलं. हिरवा विझला, तांबडा लागला. घुमटातून येणाऱ्या दुधाळ उजेडात तो एवढासा दिवा मला फार मोठा वाटला. हातोडा पडला. विधेयक पडलं. सज्ज्यात कुणी रडत होतं, कुणी एकमेकांना मिठी मारत होतं. अर्दिथ मात्र तशीच बसून राहिली.

थोड्या वेळाने माझ्या पाठीमागून तिचा आवाज आला.

"तू चूक केलीस, वर्ला."

"असेल."

"या खेपेला मी तुझ्याविरुद्ध दारोदार फिरणार. तुला पाडणार."

"फीर. आधी टायर बदलून घे."

अर्दिथने शब्द पाळला. शरद ऋतूत निवडणूक झाली आणि वर्ला पडली.

जुन्या सदस्यांनी सामान हलवायचा दिवस आला. सुतार शिडी लावून माझ्यावरच्या पट्ट्या काढत होता. वर्लाची काच निघाली तेव्हा माझ्या अंगात एक पोकळी राहिली आणि तिच्यातून गार वारा आला. मला वाईट वाटलं, सरळ सांगतो. खाली वर्ला खोके भरत होती. तिच्याबरोबर कोण आलं असेल? अर्दिथ. दोन खोके छातीशी धरून ती बाकांमधून चालली होती.

"मी तुझ्याविरुद्ध मत दिलं," ती म्हणाली.

"माहीत आहे. सांगूनच दिलंस."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"खोके जड आहेत."

अर्दिथ थांबली. तिने खोके बाकावर ठेवले आणि माझ्याकडे, त्या पोकळीकडे बघत बोलली. "इतकी वर्षं मला तुझ्याशी भांडायचं होतं गं. पण भांडायला यावं तर तू जागेवरच नसायचीस. त्या दिवशी होतीस." तिचे डोळे भरून आले होते. वर्लाने रुमाल पुढे केला, तो अर्दिथने घेतला, आणि दोघी खोके उचलून गेल्या.

पुढे माझेही दिवस फिरले. भिंतीवर चकचकीत पडदे आले आणि मला इथे आणून ठेवलं. पहिली काही वर्षं कुणी फिरकलं नाही. कोळ्यांनी माझ्या दिव्यांच्या भोकांत घरं केली. हल्ली शाळेच्या सहली येतात, तुम्ही मुलं माझ्या चौकटीवर बोटाने नावं लिहिता. लिहा, मला आवडतं. फक्त काचा ओरबाडू नका. त्या नावांची माणसं कुठे ना कुठे तरी आहेत.

आणि एक मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही नावापुढे एखादा दिवा असेल. तो कोणता लावायचा हे मी कधीच सांगणार नाही. मी फलक आहे, मला बाजू नाही. पण लावा, आपल्या बोटाने लावा. आणि लावल्यावर जागेवर थांबा. ज्याला तुमचा राग येईल, त्याला तुम्ही तिथे सापडला पाहिजेत.