रकान्यातला नवरा

हर्षालीने आयुष्यातलं पहिलं अ‍ॅप बनवलं आणि पहिल्याच दिवशी त्याने तिच्या सख्ख्या मावशीला चारचौघींत रडवलं.

घोडेगावच्या क्लासात ती कोटलिन शिकत होती. मोबाइलची अ‍ॅप लिहायची ही भाषा. अजून श्रीगणेशाच चालला होता, तरी पोरीने हौसेने गावच्या बचत गटासाठी नावनोंदणीचं अ‍ॅप लिहिलं. जिची नोंद होईल तिलाच महाशिवरात्रीला भीमाशंकरला नाचणीचे पापड विकायला जागा मिळणार होती. नोंदणीला आजचा एकच दिवस होता.

मंगलमावशीने नाव भरलं, गाव भरलं. पुढे लाल अक्षरं आली, ‘पतीचे नाव भरा.’

“पोरी, तो मला टाकून गेला. कुटं हाय, ठावं न्हाई. त्याचं नाव कशापायी लिव्हू?”

“त्याशिवाय पुढं जातच नाय गं, मावशी!” हर्षाली काकुळतीला आली.

“लिव्ह की, नावाला तर हाय ना नवरा!” मागून गटातली एक बाई बोलली. बाकीच्या हसल्या. मावशीने फोन खाली ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि उठून गेली. हर्षालीला तिला थांबवताही आलं नाही.

तशीच ती घोडेगावला क्लासातल्या स्नेहल मॅडमकडे धावली. “मॅडम, अ‍ॅप ऐकतच नाही!”

“ते कशाला ऐकेल? कोणती जागा रिकामी चालेल, हे कोटलिन तुलाच विचारतं. तू काय सांगितलंस?”

“ही चालणार नाही, असं. सगळ्याच फॉर्मवर असतं ना, मॅडम.”

“म्हणून तूही ठेवलंस! अगं, मशीनला नवरा-बायको काय कळतंय? बाईची ओळख नवऱ्यावाचून पुरी होत नाही, हे आपणच शिकवतो त्याला!”

हर्षालीची मान खाली गेली. “मग रिकामं चालेल, असं करू?”

“पापड विकायला नवरा लागतोच कशाला?”

खरंच की! तिने तो रकानाच काढून टाकला.

संध्याकाळी मावशी फोन हातात घ्यायला तयार होईना. फार विनवण्या केल्यावर तिने नाव, गाव भरलं आणि घाबरून पडद्याकडे बघत राहिली.

“आता काय इचारंल?”

“काही नाही, मावशी. झाली नोंद.”

मावशीला ते खरंच वाटेना.

वाचकहो, भाषा नव्या आल्या, पण त्यांच्यात जुने प्रश्न आपणच भरतो. कुणाला काही विचारण्याआधी, ते विचारायची गरज आहे का, एवढं स्वतःला विचारा. मंगलमावशीला अजून कितीतरी फॉर्म भरायचे आहेत, आणि ते हर्षालीने लिहिलेले नाहीत.